जेलचा कापलेला कोपरा

सर निवृत्त व्हायला चार महिने राहिले तेव्हा त्यांना आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या जेलची आठवण झाली. एका नियतकालिकाने त्यांचा लेख घ्यायचं कबूल केलं होतं, पण अट अशी होती की लेखातल्या प्रत्येक जेलचा फोटो मूळ स्वरूपात, सगळ्या माहितीसकट, एका सामायिक संकेतस्थळावर चढवायचा. म्हणजे जगात कुणालाही तो उघडता येईल आणि आपल्या जेलशी ताडून पाहता येईल. सरांना संगणकाचा कंटाळा. त्यांनी कपाटाची किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "बेटा, तूने ही तो चलाए थे सब. तू ही चढा दे."

खरंच ती सगळी मीच चालवली होती. गोंदियाच्या त्या कॉलेजात मी आधी सरांची विद्यार्थिनी होते, आता तासिकेवर शिकवते, म्हणजे काम पूर्ण आणि खुर्ची अर्धी. आमचा विषय रक्तातलं हिमोग्लोबिन आणि सिकलसेल. आमच्या भागात सिकल हा शब्द शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. जेल म्हणजे थिजलेल्या पेजेसारखी एक पातळ वडी. तिच्या वरच्या कडेला खाचा असतात, प्रत्येक खाचेत एकेकाच्या रक्ताचा थेंब घालायचा आणि वीज सोडायची. निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनचा एकच पट्टा पुढे पळतो. आजारी माणसाचा एकच पट्टा मागे रेंगाळतो. आणि ज्याच्यात आजार नुसता लपलेला असतो, जो स्वतः ठणठणीत असतो पण लेकरांना देऊ शकतो, त्या वाहकाचे दोन पट्टे दिसतात. नवराबायको दोघंही वाहक असले तर पोटच्या लेकराला खरा आजार होऊ शकतो. एवढं समजलं की पुढचं सगळं समजेल.

त्या संकेतस्थळाचा फॉर्म उघडला आणि माझं डोकं फिरलं. जेल किती टक्क्यांचं, बफरचा पीएच किती, व्होल्ट किती, किती मिनिटं चालवलं, रंग कुठला, थेंब केवढा, खाचांचा क्रम काय, वाचलं कोणी. मुलगी पाहायला आलेले लोकसुद्धा एवढं विचारत नाहीत. सगळ्या जगानं एकाच पद्धतीनं माहिती लिहावी, म्हणजे एकाचं काम दुसऱ्याला वापरता येईल, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगला होता. पण आमच्याकडे अर्ध्या गोष्टी वहीत, उरलेल्यातल्या काही सरांच्या डोक्यात आणि बाकीच्या कुठेच नाहीत, अशी अवस्था. मी दिवसभर सरांना विचारायची आणि सर म्हणायचे, "लिख दे ना, जो हमेशा रहता है वही."

फॉर्ममध्ये एक रकाना होता: न कापलेला मूळ फोटो. आमच्याकडे फोटो कापायची रीतच होती. सरांना फोटो साफ लागायचा. कडा, ओरखडे, बोटांचे ठसे, फाटलेला भाग, सगळं संगणकावर छाटून टाकायचं, फक्त पट्टे ठेवायचे. लेखात, प्रबंधात, भिंतीवरच्या पोस्टरवर आमची जेल इतकी देखणी दिसायची की नागपूरहून आलेले परीक्षक खूश होऊन जायचे. मूळ फोटो जुन्या संगणकात पडून होते. सहा वर्षांत मी ते एकदाही उघडले नव्हते.

त्याच्या खालचा रकाना आणखी बारीक होता: जेलची दिशा कोणत्या खुणेवरून ठरवली. हे आम्ही करायचो. जेल रंगवताना पाण्यात तरंगतं, पालथं होतं आणि मग डावीकडचं उजवीकडे जातं. म्हणून आधीच पहिल्या खाचेजवळचा कोपरा पात्यानं तिरपा कापून ठेवायचा. तो कोपरा डावीकडे आला की जेल सुलटं. इतकी साधी युक्ती आहे. मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवायची आणि वर सांगायची की कोपरा विसरलात तर तुमचं नाव आणि शेजाऱ्याचं रक्त.

एकेक फोटो उघडत मी माझ्या स्वतःच्या गावाच्या जेलपर्यंत आले.

माझं गाव सौंदड स्टेशनापासून पायी जाण्याच्या अंतरावर. आमच्या घराला लागून माझ्या मैत्रिणीचं घर, दोघींच्या वडिलांच्या धानाच्या बांध्याही एकाच धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, अल्याडपल्याड. दहावीनंतर मी गोंदियाला आले आणि ती घरीच राहिली, कारण वडील गेले होते, भाऊ लहान होता आणि धानाची रोवणी कोणाची वाट पाहत नाही. संशोधनासाठी गावागावातून रक्त गोळा करायचं ठरलं तेव्हा मी मोठ्या ऐटीत माझ्या गावाचं नाव सुचवलं. त्या दिवशी आधी बायकांनी रक्त दिलं, पुरुष शेतातून आल्यावर मागून आले. म्हणून जेलमध्ये पहिल्या चार खाचांत बायका, शेवटच्या चारांत पुरुष आणि बरोबर मधल्या खाचेत तुलनेसाठी प्रयोगशाळेतला एक ठाऊक निरोगी नमुना, असा क्रम लागला. मैत्रीण तिसरी होती आणि तिचा भाऊ सातवा. त्यांच्या आईनं मात्र बोट पुढे केलं नाही. "मले का आता लगन करा लागते?" म्हणाली.

मैत्रिणीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा सडक अर्जुनीकडचा, शेती आणि कृषी केंद्र दोन्ही असलेला, बोलायला चांगला. त्याच्याजवळ पिवळं कार्ड होतं, म्हणजे तो वाहक आहे हे त्यानं आपणहून सांगितलं होतं. आता हिचं काय निघतं यावर सगळं होतं. ती मला म्हणाली होती, "तुया हातचं असन ना, त मंग मले दुसरीकडं जाची गरज नाई."

जेल वाचलं त्या दिवशी मला सौंदडची गाडी पकडायची होती आणि पाऊण तास उरला होता. रंगाच्या ट्रेमधून जेल मी हातानंच उचललं. ते घसरलं, पाण्यात पडलं, पुन्हा काढलं तेव्हा एक कोपरा ट्रेलाच चिकटून राहिला होता. काचेवर ठेवून पाहते तर वरचे दोन्ही कोपरे गेलेले. एक मी कापलेला, एक आता फाटलेला. मी वाकून पाहिलं, डावीकडचा कापलेला आहे असं ठरवलं, फोटो काढला आणि गाडी पकडली. विचार केला असेल तर पाच सेकंद. तुलनेचा नमुना मधोमध असल्यामुळे जेल उलटं असो की सुलटं, तो आपला मधेच राहणार होता, त्यानं काहीच सांगितलं नाही. दोन पट्टे फक्त एकाच खाचेत होते. डावीकडून तिसऱ्या.

सरांनी बजावलं होतं, "ये रिपोर्ट नहीं है, रिसर्च है. किसी को बताना नहीं. जिसको जानना है वो हॉस्पिटल में जाँच कराए." मी मान हलवली होती. पण गावात पोचले तर ती दारातच उभी. आपल्या माणसाला दवाखान्याच्या रांगेत कशाला उभं करायचं, आपण कशासाठी शिकलो, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला माझ्या विद्येचा तोरा मिरवायचा होता. मी तिला सांगितलं की तुझ्यात आहे, भावात नाही. तिनं विचारलं दवाखान्यात एकदा पाहून घेऊ का, तर मी म्हटलं की हातच्या कंकणाला आरसा कशाला, दवाखान्यातही हेच करतात.

तिनं माझ्यासमोर चहा ठेवला. मग म्हणाली, "मले दाखव ना तो फोटू."

फोटो माझ्या पिशवीतच होता, कागदावर छापलेला, अजून न छाटलेला. "तुले काय समजन त्यात? नुसते पट्टे हायेत," मी म्हटलं आणि चहा प्यायले.

लग्न मोडलं. मुलानं नाही मोडलं, तिनंच निरोप पाठवला. वाहक नसलेल्या कुणाशीही ती सुखानं संसार करू शकली असती, हे मी गावभर सांगत फिरले, पण गावानं माझं अर्धंच ऐकलं. हिच्यात दोष आहे, एवढं पुरे झालं. दोन स्थळं आली आणि परत गेली, मग येईनाशी झाली. सडक अर्जुनीकडच्या त्या मुलाचं दुसरीकडे लग्न झालं. ती रोवणीला बायकांची टोळी घेऊन जाऊ लागली, माझ्या आईच्या दवाखान्याच्या खेपाही करू लागली. माझ्यावर तिचा राग नव्हता, उलट मी वेळेत सांगितलं म्हणून ती उपकार मानायची. ते उपकार मी सहा वर्षं घेतले.

भावाचं लग्न मात्र धूमधडाक्यात झालं. त्याची बायको वाहक होती, शाळेतच तिचं कार्ड निघालं होतं. पण भाऊ साफ होता ना, माझ्या शब्दावर. पोटुशी असताना दवाखान्यातल्या नर्सबाईंनी नवऱ्याचीही तपासणी सांगितली, तर तो म्हणाला, "आमचं झालं हाय. ताईनं मशीनवर पाहालं." ताई म्हणजे मी. हे मला मैत्रिणीनंच हसत हसत सांगितलं होतं आणि मीही हसले होते.

तो मूळ फोटो मी उघडला त्याच्या दोनच दिवस आधी आईचा फोन आला होता. धान चुरून-मळून झालं होतं, थंडी पडली होती. इकडचं तिकडचं सांगता सांगता आई म्हणाली, "बाजूच्या लेकराचे हात सुजून राहिले वं. पायपण. आठ महिन्याचं लेकरू, रातदिवस रडते. थंडी बाधली म्हणतेत." मी म्हटलं तेल लावून शेका म्हणा. सिकलसेलवर प्रबंध लिहिलेली बाई मी. आठ महिन्यांच्या बाळाचे हातपाय सुजणं म्हणजे काय, यावर माझ्या प्रबंधात अख्खं एक पान आहे. पण बाप साफ असताना तो विचार मनात येणार कसा?

फोटो उघडला. कडा, ओरखडे, माझ्या अंगठ्याचा ठसा, सगळं जसंच्या तसं. फॉर्ममध्ये खुणेची बाजू भरायची म्हणून मी कोपरे मोठे करून पाहिले. डावीकडच्या कोपऱ्याची कड खाली-वर झालेली, मधे एक लोंबता तुकडा. उजवीकडची कड आखल्यासारखी सरळ, तिरपी. मी खुर्ची मागे सारून उभी राहिले, मग पुन्हा बसले. पातं उजवीकडे फिरलं होतं. जेल पालथं होतं. डावीकडून तिसरी खाच ही खरं म्हणजे सातवी होती.

बाकीच्या सहा जणांना काहीच फरक पडत नव्हता, त्यांचे सगळ्यांचे एकेकच पट्टे. उलटलं होतं फक्त एक घर. बहीण साफ होती, वाहक भाऊ होता आणि आठ महिन्यांच्या त्या बाळाचे हात सुजत होते.

फॉर्मच्या त्या रकान्यात तीन पर्याय होते. डावी, उजवी आणि माहीत नाही. तिसऱ्यावर टिचकी मारली असती तर फोटो बिनबोभाट चढला असता, सरांचा लेख आला असता आणि बाळाचं निदान आज ना उद्या कोणत्या तरी डॉक्टरनं केलंच असतं. मग सगळे म्हणाले असते, ताईच्या मशीनमध्ये काही चूक झाली असेल, होते कधी कधी. माझ्याकडे बोट कुणी केलं नसतं. मी चढवलं नाही, पण गेलेही नाही. तीन दिवस मी वर्गात शिकवत राहिले. या तीन दिवसांची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. जेल पाच सेकंदांच्या घाईत चुकलं होतं, हे तीन दिवस मी चांगल्या शुद्धीत घालवले. तिकडे लेकरू रडत होतं, हे मला माहीत होतं.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून फोटो पाहिला, बराच वेळ. मग म्हणाले, "मैंने मना किया था बेटा." तेवढंच. त्यांचं बरोबर होतं. पण फोटो छाटायला त्यांनीच शिकवलं होतं, हेही माझ्या तोंडाशी आलं आणि मी गिळलं. छाटलं नसतं तरी मी कुठे पुन्हा पाहणार होते.

चौथ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेले. घरी न जाता आधी बाजूच्या घरी. अंगणात ऊन होतं, मैत्रीण बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, त्याच्या हातांना फडकी गुंडाळलेली. भाऊ सायकल पुसत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं, कारण बसले असते तर बोलले नसते. तिसरा, सातवा, उलटं झालं, माझी चूक, आता लगेच दवाखान्यात चला. भावानं फडकं खाली ठेवलं. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली होती, तिनं ऐकलं आणि आत जाऊन लेकराची झबली पिशवीत भरू लागली. हे आजारपण तिच्या माहेरात तिनं पाहिलेलं होतं, तिला समजवायची गरज पडली नाही.

भावानं एकच विचारलं. "मले पहिले माहीत असतं त पोटात असतानी तपासता आलं असतं ना?"

"हो," मी म्हटलं.

दवाखान्यात सगळ्यांचं रक्त घेतलं. मी रांगेत त्यांच्या मागे उभी होते, ज्या रांगेत माझ्या माणसांना उभं करायचं नाही असं मी ठरवलं होतं. निकाल दुसऱ्या खेपेला मिळाले. भाऊ वाहक. बहीण साफ. बाळाला आजार. डॉक्टर चांगल्या होत्या. रोजची गोळी, लसी, ताप आला तर घरी न थांबता लगेच येणं, पाणी जास्त, थंडीपासून जपणं, हे सगळं त्यांनी भावजयीला दोनदा सांगितलं आणि नीट सांभाळलं तर मुलं मोठी होतात असंही म्हणाल्या. भावाच्या हातात लेकराचं लाल, म्हणजे आजाराचं, कार्ड दिलं. तो ते वाचत राहिला. त्यावर फार काही लिहिलेलं नव्हतं.

नवराबायको औषधाच्या खिडकीकडे गेले आणि बाकावर आम्ही दोघीच राहिलो. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं. तिच्या पदराच्या टोकाला तिचा स्वतःचा कागद बांधलेला होता, साफ असल्याचा. सहा वर्षांनी मिळालेला. त्याचं आता काय करायचं ते तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिनं हातानंच थांबवलं.

"आता तरी दाखव तो फोटू," ती म्हणाली.

मी मोबाइलवर मूळ फोटो काढला, सगळ्या कडांसकट, आणि तिच्या हातात दिला. कोपरे, खूण, पालथं होणं, हे सगळं अंगणात मी घाईनं बोलून गेले होते. आता नीट समजावून सांगावं म्हणून सुरुवात करत होते, तोवर तिनं स्क्रीनवर बोट ठेवलंच होतं. उजवीकडच्या कोपऱ्यावर.

"हे पात्यानं कापलं हाय," ती म्हणाली. मग बोट डावीकडे नेलं. "अन् हे फाटलं. यात न समजासारखं काय हाय वं?"

विळा धरून जिचा जन्म गेला तिला कापलेलं कोणतं आणि फाटलेलं कोणतं हे सांगायला एक क्षणही लागला नाही. आता तो फोटो त्या संकेतस्थळावर आहे, उजवी बाजू आणि माझी चूक दोन्ही लिहून. जगात कुणीही उघडून पाहू शकतो. मी तो चढवला त्याच्या आधी तो एका माणसाला दाखवायचा होता आणि सहा वर्षांपूर्वी तो माझ्या पिशवीत, तिच्यापासून हातभर अंतरावर होता.

तिनं मोबाइल परत दिला. "मंग तवा काऊन नाई दाखवला?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण रडायचा हक्क माझा नव्हता. "तुले समजन नाई असं वाटलं होतं मले," मी म्हटलं.

"हव," ती म्हणाली. "तूच म्हणाली होती." आणि खिडकीकडून भाऊ हाक मारत होता म्हणून लेकराला सावरत उठली.